सदिश आरेखन आणि देवनागरी अक्षरांकन

सदिश आरेखन : बिंदू, त्यांना जोडणाऱ्या सरळ अथवा वक्र रेषा आणि त्या रेषांनी वेढलेली क्षेत्रे यांचे गणिती वर्णन करून संगणकावर आकृती रचण्याची पद्धती. परिमाण व दिशा या दोहोंनी निश्चित होणाऱ्या राशीस गणितात सदिश म्हणतात; आकृतीतील प्रत्येक रेषा अशा राशींच्या साहाय्याने मांडली जात असल्याने या पद्धतीस हे नाव मिळाले. छायाचित्रासारखी चित्रे संगणकात ठिपक्यांच्या जाळीच्या रूपाने साठविली जातात. एका इंचात ३०० ठिपके या प्रमाणात ए-४ आकाराच्या कागदाचे चित्र सु. ८७ लक्ष ठिपक्यांचे होते आणि ते मोठे करू लागल्यास कडा पायऱ्यांसारख्या दिसू लागतात. सदिश आकृतीत ठिपके नसतात, कडेचे वर्णन असते. त्यामुळे लग्नपत्रिकेवरील अर्ध्या इंचाचा गणपती दहा फुटी फलकावर नेला, तरी त्याची कड तितकीच सफाईदार राहते. अक्षरही मुळात कडेनेच ओळखले जाते. म्हणून बोधचिन्हे व नकाशे यांच्याप्रमाणेच अक्षरांकन हे या पद्धतीचे प्रमुख क्षेत्र ठरले. महाराष्ट्रात तिचा प्रसार बव्हंशी देवनागरी अक्षरांच्या निमित्ताने झाला आणि तो मुंबई-पुण्याच्या जाहिरातसंस्थांपुरता न राहता अहमदपूरसारख्या मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला.

तत्त्व : सदिश आकृतीचा पाया म्हणजे रेखापथ. दोन बिंदू व त्यांच्यामधील रेषा हा रेखापथाचा लहानात लहान खंड होय. खंड वक्र असेल, तर प्रत्येक टोकाच्या बिंदूतून एक स्पर्शी दांडी निघते. दांडीची दिशा वक्र कोणत्या बाजूस निघणार हे ठरविते व तिची लांबी तो त्या दिशेस किती काळ रेंगाळणार हे ठरविते. दोन टोके व दोन दांड्यांची अग्रे असे चार बिंदू दिले, की वक्र पूर्णपणे निश्चित होतो. या वक्राची गणिती मांडणी मोटारींच्या कारखान्यांत झाली. मोटारीच्या पत्र्याचे बाक कारागिराच्या नजरेवर न सोडता यंत्राला आकड्यांत सांगता यावेत, ही तेथील गरज होती. सीत्रोएन कारखान्यातील पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये ही रीत शोधली. परंतु कारखान्याने ती गुप्त ठेवली. रनो कारखान्यातील प्येअर बेझ्ये (१९१०–९९) यांनी स्वतंत्रपणे तीच रीत विकसित करून १९६० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केली आणि वक्रास त्यांचेच नाव चिकटले.

बेझ्ये वक्राने वर्तुळ तंतोतंत काढता येत नाही, ही गोष्ट नवशिक्यास चमत्कारिक वाटते. वर्तुळाचे चार समान खंड करून प्रत्येक दांडीची लांबी त्रिज्येच्या ०·५५२ पट ठेवल्यास मिळणारी आकृती खऱ्या वर्तुळापासून ०·०३ टक्क्यांहूनही कमी ढळते व डोळ्यास तो फरक कळत नाही. यातून एक व्यावहारिक नियम निघतो : बिंदू वक्राच्या टोकांवर, म्हणजे जेथे तो सर्वांत वर, खाली, डावीकडे अथवा उजवीकडे पोहोचतो तेथे ठेवावेत आणि शक्य तितके थोडे ठेवावेत. चार बिंदूंचे वर्तुळ गोल दिसते. चाळीस बिंदूंचे वर्तुळ बहुधा खडबडीत दिसते. सदिश आरेखनाच्या प्राथमिक शिक्षणाचा निम्मा भाग या एका नियमात सामावला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

ऐतिहासिक आढावा : संगणकाच्या पडद्यावर थेट रेषा काढण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयोग आयव्हन सदरलंड यांनी मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत केला. १९६३ मधील त्यांच्या स्केचपॅड या प्रणालीत प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृती काढता येत असे. मुद्राक्षरांच्या कडा आकड्यांत उतरविण्याचे काम हँबर्ग येथील पेटर कारॉव्ह यांनी १९७० नंतर इकारस या प्रणालीद्वारे केले, तर डॉनल्ड क्नूथ यांनी १९७९ मध्ये मेटाफाँट ही निराळ्या विचाराची प्रणाली पुढे आणली; तीत अक्षराच्या कडेऐवजी लेखणीच्या हालचालीचे वर्णन करावयाचे असते. देवनागरीकडे या संशोधनाचे लक्ष लवकर गेले. पी. के. घोष यांचा भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेविषयीचा अहवाल स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. नेदर्लंड्समधील ग्रोनिंगेन येथील फ्रान्स व्हेल्थ्यूस यांनी १९९१ मध्ये मेटाफाँटवर आधारित देवनागरी अक्षरसंच उपलब्ध करून दिला.

मुद्रणव्यवसायाचा कायापालट मात्र एका वेगळ्या घटनेने झाला. जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये ॲडोबी ही संस्था स्थापून १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा प्रसृत केली. पानावरील प्रत्येक अक्षर व आकृती बेझ्ये वक्रांनी सांगणारी ही भाषा १९८५ मध्ये ॲपलच्या लेसर मुद्रकात बसविण्यात आली. त्याच वर्षी पानांची मांडणी करणारी पेजमेकर ही प्रणाली आली. वॉर्नॉक यांच्या पत्नी मार्व्हा या स्वतः आरेखनकार होत्या. पोस्टस्क्रिप्टच्या आज्ञा हाताने लिहिण्याऐवजी आरेखनकारास पडद्यावर दांड्या ओढून वक्र काढता यावेत, या विचारातून १९८७ मध्ये इलस्ट्रेटर ही प्रणाली तयार झाली. ती प्रथम मॅकिंटॉश संगणकापुरती होती. कॅनडातील ओटावा येथील कोरेल या संस्थेने जानेवारी १९८९ मध्ये विंडोज प्रणालीवर चालणारी कोरेल ड्रॉ बाजारात आणली. भारतातील लहान गावांच्या दृष्टीने हीच घटना निर्णायक ठरली. मॅकिंटॉश महाग होता व त्याची दुरुस्ती मोठ्या शहरातच होई. उलट सुटे भाग जुळवून बांधलेला विंडोजचा संगणक जिल्ह्याच्या गावी मिळू लागला होता. महाराष्ट्रातील छोट्या मुद्रकांत कोरेल हे नाव पुढे सदिश आरेखनाचा पर्यायशब्दच बनले.

मराठी अक्षराची पूर्वपीठिका : सदिश आरेखनाने मराठी अक्षराचे नेमके काय केले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. शिळाछापात लेखनिकाचे अक्षर जसेच्या तसे कागदावर उतरे; जोडाक्षरे, वेलांट्या व मात्रा यांची अडचण नसे. पुढे खिळ्यांचे मुद्रण रूढ झाले, तेव्हा अक्षराचे तुकडे करणे भाग पडले. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांवर उभी होती. या ठशांतील वळण बोरूच्या लेखनाला धरून असले, तरी जुळाऱ्यास शेकडो घरांच्या केसमधून अर्धी अक्षरे, काने व मात्रा वेचून शब्द बांधावा लागे. देवनागरी मुद्राक्षरांच्या या सर्व प्रपंचाचा सांगोपांग वेध बापूराव नाईक यांनी टायपॉग्रफी ऑफ देवनागरी या ग्रंथात घेतला असून तो भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केला.

खिळ्यांच्या जोडीस हाताने रेखाटलेल्या अक्षरांची परंपरा चालूच होती. पुस्तकांची वेष्टने, नाटकांच्या जाहिराती व मासिकांची शीर्षके चित्रकार शाईने काढीत व त्यांचे जस्ताचे ठोकळे बनवून छापीत. दीनानाथ दलाल (१९१६–७१) व रघुवीर मुळगावकर (१९१८–७६) यांची मुखपृष्ठे आणि कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी रेखाटलेली नाट्यशीर्षके मराठी वाचकास परिचित आहेत. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी ही परंपरा व संगणक यांच्यामध्ये सांधा जुळविला. जाहिरातक्षेत्रातील अनुभवानंतर ते पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक झाले. विंडोजच्या २००० सालच्या आवृत्तीबरोबर जगभर गेलेला मंगल हा देवनागरी अक्षरसंच त्यांच्या हातचा आहे.

हाताने काढलेले देवनागरी अक्षर व रोमन अक्षर यांत एक मूलभूत भेद आहे आणि सदिश आरेखन शिकणाऱ्यास तो लवकर जाणवतो. रोमन लेखणीच्या कापामुळे डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणारी रेषा जाड व तिच्या उलट दिशेची बारीक येते. देवनागरीच्या बोरूचा काप विरुद्ध तिरकस असतो. म्हणून उजवीकडून वरून डावीकडे खाली जाणारी रेषा जाड व दुसरी बारीक येते. परदेशी प्रणालींबरोबर येणारी तयार उदाहरणे व सराव रोमन अक्षरांचे असल्याने, त्यांवरून हात बसविलेल्या विद्यार्थ्याचा ‘त’ वा ‘व’ चुकीच्या बाजूस जाड होतो. अक्षर वाचता येते. परंतु ते परके दिसते.

मराठवाड्यातील प्रसार : अहमदपूर हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव लातूर व नांदेड या शहरांना जोडणाऱ्या मार्गावर वसले आहे. हैदराबाद संस्थानात हा तालुका बीदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निलंगा व उदगीर यांच्यासह तो मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्यास जोडला गेला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर त्यात समाविष्ट झाला. हा तपशील प्रस्तुत विषयाला सोडून नाही. संस्थानी राजवटीत राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असल्याने मराठी मुद्रणास या भागात मुंबई-पुण्यासारखी दीर्घ परंपरा लाभली नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर मराठी शाळा, सहकारी संस्था, बाजार समित्या व ग्रामपंचायती यांचे कामकाज वाढले आणि त्यांच्याबरोबर पावतीपुस्तके, फलक व पत्रके यांची गरजही वाढली. पश्चिम महाराष्ट्रात जे शतकभरात घडले, ते येथे एका पिढीत उरकले. खिळ्यांचा छापखाना, पडदामुद्रण व संगणक हे तिन्ही एकाच मुद्रकाने आपल्या आयुष्यात पाहावेत, असे या भागात विरळ नाही.

संगणकापूर्वी या गावांतील अक्षराचा धनी पेंटर हा असे. दुकानाची पाटी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरील नाव, शाळेच्या भिंतीवरील सुविचार, निवडणुकीचे कापडी फलक ही कामे त्याची. सुतळीला खडूची भुकटी लावून तो भिंतीवर दोन रेषा मारी. मजकूर मोजून अक्षरांची रुंदी नजरेने वाटून घेई व मगच ब्रश उचली. एकच चिन्ह अनेक ठिकाणी काढावयाचे असल्यास कागदावर त्याची कड सुईने टोचून खाका तयार करीत आणि त्यावरून भुकटीची पुरचुंडी फिरवून ठिपक्यांच्या रूपाने आकृती उतरवून घेत. कड एकदा निश्चित करून ठेवावी व तीवरून हवी तेवढी चित्रे काढावीत, ही सदिश आरेखनातील कल्पना खाक्यात आधीच होती, असे म्हणता येईल. अनेक पेंटरांचे औपचारिक शिक्षण शासकीय रेखाकला परीक्षांपुरतेच असे. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या परीक्षांत भूमिती व अक्षरलेखन हे विषय एकाच प्रश्नपत्रिकेत घातलेले असत. ही जोडणी ज्यांनी केली, त्यांच्यासमोर संगणक नव्हता. तरीही पुढे संगणकावर अक्षर काढणाऱ्यास जी दोन अंगे लागणार होती, ती तीत नेमकी एकत्र आलेली होती.

१९९० नंतरच्या दशकात जिल्ह्याच्या व नंतर तालुक्याच्या गावी संगणकाक्षरजुळणीची दुकाने निघाली. लग्नपत्रिका हे त्यांचे पहिले मोठे काम. मजकूर व गणपती संगणकावर जुळवून लेसर मुद्रकातून अर्धपारदर्शक कागदावर काढीत, त्या कागदाच्या आधारे पडद्यावरील प्रकाशसंवेदी थर उजळवीत आणि पडद्यातून शाई दाबून पत्रिका छापीत. पुढे पातळ रंगीत चिकटपट्टीतून अक्षरे कापणारी यंत्रे आली. या कामास बोलीत ‘रेडियम कटिंग’ म्हणतात, यद्यपि रेडियम या मूलद्रव्याशी त्याचा काहीही संबंध नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्लेक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृत्रिम कापडावर थेट छापणारी मोठी यंत्रे पसरली आणि काही वर्षांतच कापडी फलक रंगविण्याचे काम जवळजवळ संपले. काही पेंटर संगणकाकडे वळले, काहींनी मंदिरे व शाळा यांच्या भिंतींचे काम धरून ठेवले, तर अनेकांनी व्यवसाय सोडला.

शिक्षणाची रीत : तालुक्याच्या गावी ही विद्या पुस्तकातून क्वचितच शिकली गेली. प्रणालींच्या मार्गदर्शिका इंग्रजीत असत आणि परवानाधारक प्रतीची किंमत लहान दुकानाच्या आवाक्याबाहेरची असल्याने अनधिकृत प्रतीच सर्रास वापरात होत्या. त्यांच्याबरोबर मार्गदर्शिका येण्याचा प्रश्नच नव्हता. शिकाऊ मुलगा चालकाच्या शेजारी बसे, आरंभी मजकूर टंकित करून देई, मग कापणी व चिकटवणी शिके आणि यंत्र मोकळे मिळे तेव्हा स्वतः हात चालवून पाही. २००५ ते २००८ या काळातील दीर्घ भारनियमनात हा मोकळा वेळ बहुधा रात्रीच मिळे व दर पाच मिनिटांनी काम साठवून ठेवण्याची सवय ही या शिक्षणातील पहिली शिस्त ठरे. आज्ञांची इंग्रजी नावे अर्थाने नव्हे, तर जागेने व कळींनी पाठ होत. एफ-१० म्हणजे बिंदू धरावयाचे साधन, कंट्रोल व क्यू म्हणजे ‘कर्व्ह करणे’, कंट्रोल व एल म्हणजे जोडणे, कंट्रोल व के म्हणजे फोडणे. या मौखिक परंपरेत ‘वेल्ड मार’, ‘ट्रिम कर’, ‘नोड कमी कर’ अशी मराठी क्रियापदांची जोड मिळालेली एक सुटसुटीत परिभाषा तयार झाली. परिभाषा कोशांनी सुचविलेल्या प्रतिशब्दांना या दुकानांत प्रवेश मिळाला नाही, याचे कारण हेच आहे.

प्राथमिक शिक्षणातील टप्पे थोडक्यात असे सांगता येतील. आरंभी चौकोन व लंबवर्तुळ यांसारख्या तयार आकृत्या घेऊन त्यांचे एकत्रीकरण, छेद व वजाबाकी शिकावयाची. यानंतर रेखापथ उघडा व बंद यांतील फरक. कारण बंद पथातच रंग भरतो. मग बिंदूंचे प्रकार : कोनबिंदूच्या दोन दांड्या परस्परांपासून स्वतंत्र असतात, गुळगुळीत बिंदूच्या एका सरळ रेषेत राहतात, तर समतोल बिंदूच्या लांबीनेही समान असतात. ‘व’ च्या पोटाची कड गुळगुळीत बिंदूंनी काढावी लागते. ते पोट दंडास मिळते तेथे कोनबिंदू लागतो. अक्षरातील पोकळीचा धडा बहुतेकांना चुकूनच मिळतो. ‘व’ हा आकार बाहेरची कड व आतली कड अशा दोन पथांचा जोड असतो. तो फोडला, की आतला पथ स्वतंत्र होऊन त्यातही रंग भरतो व ‘व’ चा काळा ठोकळा होतो. दोन्ही पथ पुन्हा जोडल्यावरच पोकळी उघडते.

देवनागरीची खरी कसोटी कापणीयंत्रावर लागते. संगणकीय देवनागरी अक्षरसंचांत शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेचे टोक शेजारच्या अक्षरावर किंचित चढविलेले असते. छपाईत हा चढाव दिसत नाही, कारण काळ्यावर काळेच पडते. कापणीयंत्राची सुरी मात्र कडेमागून कड चालते. चढाव तसाच ठेवल्यास ती प्रत्येक सांध्यापाशी शिरोरेषा उभी छेदते, मात्रा व अक्षर यांच्या जोडातही आरपार जाते आणि काचेवर चिकटविताना शब्द तुकड्यातुकड्यांनी सुटून येतो. यासाठी शब्दातील सर्व अक्षरे आधी एकजीव करावी लागतात. यालाच दुकानात ‘वेल्ड मारणे’ म्हणतात. रोमन अक्षरे सुटी असल्याने परदेशी मार्गदर्शिकांत या क्रियेला दुय्यम स्थान असते. मराठी दुकानात ती पहिल्या आठवड्यात शिकावी लागते व हा बदल कोणा अभ्यासमंडळाने नव्हे, तर वाया गेलेल्या चिकटपट्टीने घडवून आणला.

चित्रावरून आपोआप कड काढून देणाऱ्या साधनाबद्दल वेगळे मत नोंदविणे आवश्यक आहे. जुन्या पाटीचे छायाचित्र घेऊन हे साधन चालविले, की क्षणात रेखापथ मिळतो. पण पाच-सहा बिंदूंनी भागावे तेथे तो शेकडो बिंदू टाकतो, कोपरे बोथट करतो आणि ब्रशच्या चुकीलाही कड समजतो. ज्यांनी आधी हाताने अक्षर घोटलेले असते, ते असा पथ खाली ठेवून त्यावर नवा, मोजक्या बिंदूंचा पथ काढतात. ज्यांचे शिक्षण आज्ञांपासूनच सुरू झालेले असते, ते बहुधा तोच पथ वापरतात. गावोगावच्या फलकांवरील अक्षरांत जो खडबडीतपणा व एकसुरीपणा आढळतो, त्याचे खापर अनेकदा यंत्रावर फोडले जाते. वस्तुतः दोष यंत्राचा नाही. अक्षर कोठे वळते हे ज्यास ठाऊक नाही, त्याला बिंदू कोठे ठेवावा हे कोणतीही प्रणाली सांगू शकत नाही.

वक्रात रूपांतर व त्याचे परिणाम : १९९० च्या दशकात मराठी जुळणीसाठी वापरात आलेल्या अक्षरसंचांना २५६ घरांची मर्यादा होती व तीतीलही काही घरे संगणकाने स्वतःकडे राखलेली असत. एवढ्यात देवनागरीची जोडाक्षरे बसविणे शक्य नसल्याने अक्षरांचे पुन्हा तुकडे करण्यात आले. जुळाऱ्याची केस जणू काचेआड आली. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रगत संगणन विकास केंद्राची आयएसएम आणि इतर प्रणाली यांनी हे तुकडे आपापल्या सोयीने घरांत मांडले. भारतीय लिप्यांसाठी १९९१ चे प्रमाणित संकेत अस्तित्वात होते. परंतु छपाईसाठीचे अक्षरसंच त्याप्रमाणे रचलेले नव्हते. परिणामी एका संचातील ‘क’ दुसऱ्या संचात भलतेच चिन्ह म्हणून उमटे.

अहमदपूरसारख्या गावी जुळविलेला फलक जेव्हा लातूर वा नांदेड येथील मोठ्या यंत्रावर छापावयास पाठवीत, तेव्हा तेथे तोच अक्षरसंच असेल याची शाश्वती नसे. त्यावर उपाय एकच होता : पाठविण्यापूर्वी सर्व मजकुराचे वक्रात रूपांतर करणे. रूपांतर होताच अक्षर अक्षर राहत नाही, ते चित्र बनते. कोठेही न्या, जसेच्या तसे उमटते. शिकाऊ मुलास हा नियम प्रथम शिकविला जाई व तो व्यवहारतः बिनचूक होता. मात्र त्याची किंमत नंतर कळली. वक्र झालेल्या नावातील ऱ्हस्व-दीर्घाची चूक दुरुस्त करता येत नाही, शब्द शोधता येत नाही, मजकूर दुसरीकडे नेता येत नाही. काळजीपूर्वक काम करणारे चालक म्हणून दोन प्रती ठेवीत, एक मजकुराची व एक वक्राची. घाईच्या दिवसांत, विशेषतः लग्नसराईत व निवडणुकीत, ही काळजी सुटे.

युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीचा समावेश १९९१ मध्येच झाला होता. तथापि सदिश आरेखनाच्या प्रणालींना युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे योग्य रीतीने जुळविता येऊ लागली ती २०१२ च्या सुमारास, कोरेल ड्रॉ व इलस्ट्रेटर यांच्या त्या वेळच्या आवृत्त्यांपासून. तोपर्यंत दोन दशकांची सवय मुरली होती आणि जुनी आवृत्ती व जुना अक्षरसंच या जोडीवर अनेक दुकाने पुढेही चालत राहिली. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला व ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी रूपे निश्चित केली. बाजारातील कित्येक संचांत मात्र हिंदी वळणाचीच रूपे असल्याने हस्तलिखितात पाकळीचा ‘ल’ लिहिणाऱ्या ग्राहकास पाटीवर दंडाचा ‘ल’ मिळे. बिंदू हाताळता येणाऱ्या चालकाने अशा वेळी ‘ल’ स्वतः काढून बसवावा, अशी अपेक्षा असे व काही जण ती पुरीही करीत.

अलीकडे परिस्थितीत पालट झाला आहे. २००३ मध्ये सुरू झालेली इंकस्केप ही विनामूल्य व मुक्त प्रणाली वापरता येत असल्याने परवान्याची अडचण उरलेली नाही. राज्य मराठी विकास संस्थेने गिरीश दळवी व यशोदीप घोलप यांनी अभिकल्पिलेले यशोमुद्रा व यशोवेणू हे युनिकोड अक्षरसंच विनामूल्य उपलब्ध करून दिले. मुंबईच्या एक टाइप या अक्षरकारांच्या गटाचे मुक्त, बलू व मोदक हे संचही तसेच मोफत मिळतात. दुकाने व आस्थापना यांवरील मराठी पाट्यांविषयीच्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही ती सक्ती लागू झाली व मराठी नावाची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असे ठरले.

जुन्या अक्षरसंचांत टंकित केलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे रूपांतरक आता उपलब्ध असून, संच ओळखीचा असल्यास ते बऱ्याच अंशी अचूक चालतात. स्थानिक साप्ताहिके, ग्रामदैवतांच्या माहितीपुस्तिका, शाळांचे वार्षिकांक व संस्थांचे अहवाल यांच्या ज्या फायली मजकुराच्या रूपाने राहिल्या, त्या या मार्गाने परत मिळू शकतात. छपाईसाठी वक्रात रूपांतरित केलेल्या फायलींतील मजकूर मात्र रूपांतरकास दिसतच नाही. तो चित्र समजून अक्षरओळखीच्या साधनाने वाचून घ्यावा लागतो अथवा छापील प्रत समोर ठेवून पुन्हा टंकित करावा लागतो.